आई: हालचाल नाही

नांदेडात मी एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो. विजेचा धडा माझा हातखंडा. त्यामुळे उदगीरला एकट्या राहणाऱ्या आईच्या घरावर मीटरमधून नजर ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी कुणाचा सल्ला घेतला नाही. एरवीही घेत नाही.

कारण साधं होतं. आदल्या उन्हाळ्यात आई न्हाणीत चक्कर येऊन पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. नांदेडला चल म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी काय कबुतरावानी बसू?" फोन केला की उत्तर एकच, "बरी हाय." पडली त्या दिवशी संध्याकाळीही तिनं मला "बरी हाय" असंच सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या शब्दापेक्षा मला मीटर खरं वाटायला लागलं.

मीटरवर एक बारका लाल दिवा असतो. वीज जास्त वापरली की तो भरभर लुकलुकतो. त्यावर मी एक डबी चिकटवली. ती लुकलुक मोजायची आणि सिमकार्डावरून मला कळवायची. माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये एक पान कायम उघडं असे आणि त्यात आईचं घर हिरव्या रेघेनं वरखाली होई. गीझर लावला की डोंगर, मिक्सर लावला की सुळका. फ्रिजची आपोआप होणारी उठबस मी हिशेबातून वगळली होती. नियम दोनच होते. लोड फार वाढला तर पिवळी पट्टी आणि घंटी. सकाळी दोन तास घरातलं एकही बटण दाबलं गेलं नाही तर लाल पट्टी आणि भोंगा, लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही, बटण दाबलं जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. मीटरला नाव काय द्यायचं, असं त्या पानानं विचारलं तेव्हा मी 'आई' असं लिहून टाकलं.

पहिल्याच सोमवारी आईनं पूजा झाल्यावर त्या डबीला विभूतीची तीन बोटं ओढली. भुकटी आत गेली आणि दिवसभर माझ्या पडद्यावर घराला उचक्या लागल्या. फोनवर मी तिला डबीला हात लावू नकोस म्हणून बजावलं. ती म्हणाली, "माझ्या घरात ऱ्हायचं तर माझ्या रीतीनं ऱ्हाईल ती." मग मीच डबीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून आलो.

पण खरा तमाशा वर्गात व्हायचा. शिकवायला मी तोच लॅपटॉप पडद्याला जोडायचो. न्यूटनचा नियम रंगात आलेला असताना घंटी वाजे आणि शंभर पोरांसमोर भिंतभर अक्षरं उमटत: 'आई: लोड जास्त'. मी तिथूनच फोन लावायचो. "आई, गीझर बंद कर." पलीकडून आवाज यायचा, "तू पोरं शिकवायलास का माझं गीझर बघायलास?" फोन स्पीकरवर नसायचा, पण आईला त्याची गरजही नसायची. पोरं तर वहीच्या कोपऱ्यात आज घंटी किती वाजता होईल याच्या पैजा लिहीत होती, हे मला फार उशिरा कळलं.

एका थंडीच्या सकाळी, नऊच्या सुमारास, भोंगा वाजला. पडद्यावर लाल पट्टी: 'आई: हालचाल नाही'.

मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा लावला. शेजारच्या काकूंना लावला, त्यांनीही उचलला नाही. समोरच्या किराणावाल्यानंही नाही. शेवटी दूधवाल्यानं उचलला, मागं ट्रॅक्टरची धडधड. "पाचलाच दूध घेतलं की त्यान्नी. मी लई घाईत हाव साहेब, मागून बोलतो," म्हणाला आणि ठेवून दिला. आईपेक्षा याला घाई जास्त! मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि पोरांना गणितं देऊन गाडी काढली.

कंधार गेलं, जळकोट गेलं. माझ्या डोळ्यांपुढं न्हाणीतली फरशी. रस्त्यात ट्रॅक्टर भरभरून माणसं चाललेली, बायांच्या मांडीवर टोपल्या, वाटेतली दुकानं बंद. 'आज कुठला मेला बंद आहे?' म्हणून मी हॉर्न बडवत राहिलो. लातूर जिल्ह्यात जन्मलेला, वाढलेला माणूस मी, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

दाराला कुलूप होतं. शेजारी कुलूप, समोर कुलूप, अख्ख्या गल्लीला कुलूप. तेव्हा कुठं आठवलं. येळवस! मार्गशीर्षातली ती अमावास्या, ज्या दिवशी आमच्याकडं घरात माणूस शोधून सापडत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोपी, म्हणजे खोप, उभारून तिच्यापुढं पूजा करतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी आणि ताकातली आंबील वाढतं. मी पायरीवर बसलो आणि चक्क रडलो. मग स्वतःचाच राग आला.

आमचं शेत चुलतभाऊ करतो. तिथं पोचलो तर कोपीपुढं पंगत बसलेली आणि आई पदर खोचून वाढत होती. मला पाहिलं आणि पळी हातात तशीच धरून उभी राहिली.

"आलास!" म्हणाली. "बघा गं बायांनो, चार वर्सं सुटी न्हाई, सुटी न्हाई म्हणायलता. आज न बोलावता आला माझा लेक."

तिचा चेहरा इतका उजळला होता की खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी मुकाट्यानं पंगतीत बसलो. पहिला घास तोंडात, आणि खिशातल्या मोबाइलनं भोंगा दिला.

"काय वरडायलंय ते?" आईनं विचारलं. सांगावं लागलं. तू सकाळपासून एकही बटण दाबलं नाहीस, मला वाटलं तू पडलीस, म्हणून पळत आलो. सगळी पंगत हसली. चुलतभावाला तर ठसका लागला. आई तेवढी हसली नाही. माझ्या भाकरीवर भज्जी वाढत राहिली, गरजेपेक्षा बरीच जास्त.

"म्हंजे सणासाठी न्हाई आलास," एवढंच म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. पुढच्या येळवसला नक्की येतो म्हणालो. ती "हाव" म्हणाली, आणि त्या 'हाव'ची किंमत आम्हा दोघांनाही माहीत होती.

पुढच्याच बुधवारी, ना सण ना वार, भर वर्गात पुन्हा भोंगा झाला. 'आई: हालचाल नाही'. फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"आई! काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी हाय. पाणी चुलीवर तापवलं, चटणी पाट्यावर वाटली. पहाटंपास्नं एका बटणाला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "निघालास का?"