मारुतीला पाठ दाखवत नाहीत

सावनेर मागे पडलं आणि छोट्या गाडीने आपला खरा वेग दाखवला. उतरून संत्री तोडावीत, निवांत खावीत आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं, अशी तिची चाल. लोधीखेडा गेलं, सौंसर आलं. १९८५ सालचा हिवाळा, दोन्ही अंगांना फळांनी वाकलेल्या बागा. मध्य प्रदेशात शिरलो तरी पाट्या तेवढ्या हिंदी झाल्या. फलाटावरची भांडणं मराठीतच चालली होती. माझी मावसबहीण वच्छी इकडे दिलेली. तिच्याकडे चार दिवस राहायचं म्हणून मी खुशीत होतो.

सौंसरहून पुढे बैलगाडी. गाव जवळ आलं तशी वाटेवरची माती काजळीसारखी काळी झाली. "मँगनीजची खदान (खाण) हाये," गाडीवान म्हणाला. बाभळींवर, दगड फोडणाऱ्या बायांच्या पापण्यांवर, वच्छीच्या माठावर बांधलेल्या फडक्यावरही तीच धूळ होती.

वच्छीचे यजमान देवराव याच खदानीत कामाला. लग्नात त्यांनी माझ्यासारख्या जाडजूड माणसाला उचलून मांडवभर फिरवलं होतं. भाकर आणि भेदऱ्याची (टोमॅटोची) भाजी जेवून झाल्यावर त्यांनी एक संत्रं घेतलं. इकडच्या संत्र्याची साल म्हणजे सैल सदरा, लहान पोरालाही निघते. देवरावांचा अंगठा सालीवरून नुसता घसरत राहिला. वच्छीने ते सोलून त्यांच्या हातात ठेवलं.

"हातात दमच नाही राहिला दादा," ते म्हणाले. "पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं ताकदीचं औषध देलं. लोकं म्हणते, मी दारू पिऊन राहिलो."

"ही धूळच असेल," मी म्हणालो.

"धूळ तर सारं गाव खाऊन राहिलं. मंग साऱ्यायले काहून नाही झालं?"

औषधाने गुण येईना म्हणून त्यांनी मारुतीला शनिवारांचा नवस केला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा शनिवार होता. इथे देवाला पाठ दाखवत नाहीत. दर्शन घेऊन उलट्या पावलांनी दारापर्यंत यायचं. न पडता आलं तर मारुतीने ताकद परत दिली, असं समजून देवराव सोमवारी कामावर जाणार होते. नाहीतर मुकादम त्यांच्या जागी वच्छीला घेणार होता. बरं व्हायचं ते पुन्हा त्याच धुळीत उतरायला. हे त्या घरात कुणाच्या मनात येत नव्हतं.

देवळात गर्दी होती. पुरुष हात जोडून उभे आणि बायका त्यांच्या मागे हात पसरून. जोडीने दर्शन घ्यायची ही तऱ्हा मला मोठी गोड वाटली. "आमच्याकडे बायको पुढे असते बरं," मी वच्छीची थट्टा केली.

ती हसली नाही. "पडून राहिले ना दादा हे सारे," ती म्हणाली. "मागं चालताच येत नाही त्यायले. झेला लागते."

मी पुन्हा पाहिलं. एका म्हातारीच्या मागे तिची सून उभी होती. खदानीत ही म्हातारी कधी गेलीच नव्हती, फक्त घर खदानीला लागून होतं, असं वच्छीने सांगितलं. देवरावांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे रांगेने उभं होतं, आणि ज्याला त्याला ते आपलं एकट्याचं पाप वाटत होतं.

देवरावांची पाळी आली. वच्छी मागे जाऊ लागली तसं त्यांनी तिला हातानेच थांबवलं. "आज नको," ते म्हणाले. पहिली पावलं नीट पडली. मग टाचा अडल्या, अंग मागे गेलं आणि ते लाकडासारखे सरळ फरशीवर आडवे झाले.

"नाही पावला मारुती," कुणीतरी हळूच म्हणालं.

"दादा, सांगा यायले," देवराव पडल्यापडल्या म्हणाले, "मी घेतली नाही."

मी सगळ्यांना सांगितलं. धुळीबद्दलही सांगितलं. लोकांनी पाहुण्याचा मान राखून ऐकून घेतलं आणि पुढचा माणूस दर्शनाला उभा राहिला.

सोमवारी निघालो तेव्हा वच्छी डोक्यावर टोपलं घेऊन खदानीच्या फाट्यापर्यंत सोबत आली. "नको जाऊस," मी म्हणालो.

"मंग खाऊ काय दादा?" तिने विचारलं आणि ती वळली.

परतीच्या गाडीत पिशवीभर संत्री मांडीवर होती. वच्छीनेच दिलेली. एकही सोलवेना. आज ना उद्या मारुतीपुढे वच्छीच्याही टाचा अडतील. तेव्हा तिच्या मागे हात पसरून देवराव उभे राहतील, संत्रंही सोलू न शकणारे ते हात.