कोरिनच्या नावाचा ठराव

लॉरेट गॅन्योंने तोंड उघडल्याशिवाय गावसभा उरकली, असं ऑल्डन मिल्स गावात एकतीस वर्षांत घडलं नव्हतं. मार्च महिन्यातल्या एका शनिवारी शाळेच्या जिममध्ये सभा भरायची, झेंड्याला वंदन व्हायचं, आणि पहिला विषय पुकारला की माइकपुढे ही उभी. "लॉरेट गॅन्यों, क्वारी रोड," असं रिवाजाप्रमाणे नाव-पत्ता सांगायची आणि सुरू व्हायची. रस्त्यावर मीठ किती टाकावं, मोरीचा पाइप किती रुंद हवा, वाचनालयाचं छप्पर कोणत्या मुहूर्तावर गळायचं थांबणार. शाळेची बस चालवणारी बाई ती. गावातला एकूण एक खड्डा तिच्या कमरेला पाठ होता. "निघाली गॅन्योंबाईंची बस," मागून कोणीतरी म्हणायचं, "आता प्रत्येक थांबा घेणार." हे ऐकलं की ती दोन थांबे मुद्दाम जास्त घ्यायची.

बोलायची तशी दुसऱ्यांना गप्पही करायची. हार्लन पीझली नावाचा एक म्हातारा होता, आता वारला. कुत्र्यांच्या परवान्यावर तो एकदा सलग पन्नास मिनिटं बोलला, आणि त्याच्यामागे रांगेत उभे होते त्या चौघांना त्याच्याशी सहमत आहोत एवढंच सांगायला आणखी अर्धा तास लागला. तळघरात सभेच्या जेवणाचे बीन्स करपले. पुढच्या वर्षी लॉरेटनेच नियम आणला: कोणीही उठून 'चर्चा बंद करा' म्हणावं, मतदानाची दोन तृतीयांश पिवळी कार्डं वर गेली की चर्चा बंद, मग माइकपुढे रांगेत कोणी का उभं असेना. शेजारच्या गावांत रांगेतल्यांना तेवढं बोलू देतात. इथे तेही नको म्हणाली. टाळ्यांच्या कडकडाटात नियम पास झाला, आणि तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तेव्हा कोरिन होती. तिची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. एका दुपारी वीस वर्षांचा एक पोरगा आला, त्याने गल्ला मागितला, तिने दिला, आणि तरीही त्याने गोळी घातली. का, हे त्याला कोर्टातही सांगता आलं नाही. या राज्यात देहदंडाचा कायदा होता, पण तो थोड्याच गुन्ह्यांना लागू होता. सरकारी वकिलाने आधीच सांगितलं की इथे तो बसत नाही. जन्मठेप झाली. मरेपर्यंत सुटका नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत गावाने लॉरेटसाठी काय केलं नाही? घरासमोरचं बर्फ उचललं, लाकडं फोडून दिली, शिजवून आणलेल्या कॅसरोलच्या भांड्यांनी फ्रीज भरून टाकला. खोटं कशाला बोला, गाव चांगलंच होतं. फक्त एक गोष्ट कोणी केली नाही: तुला काय वाटतं, असं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असंच सगळ्यांना वाटत आलं.

अकराव्या वर्षी राज्याच्या राजधानीत फाशीची शिक्षाच रद्द करायचा कायदा निघाला होता. विधिमंडळातला गावचा प्रतिनिधी शहाणा, त्याने जाहीर केलं, "गावसभा सांगेल तसं मी मत देईन." लगेच गॅरेजवाल्या रसेल थिबोडोने पंचवीस सह्या गोळा केल्या आणि ठराव टाकला. पोस्टाच्या दारावर विषयपत्रिका लागली, ती लॉरेटने टपाल आणायला गेली तेव्हा वाचली. विषय सतरा: 'कोरिन गॅन्यों हिच्या स्मरणार्थ, देहदंड कायम ठेवावा अशी या गावाची आपल्या प्रतिनिधीला सूचना.'

मुलीचं नाव दारावर. वर मोरी, मग रस्ता सपाट करायचं ग्रेडर यंत्र, आणि त्याखाली तिची पोर.

ती तडक गॅरेजमध्ये गेली. रसेल गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, आणि तिला काही बोलूच न देता मिठीत घेतलं. "तू काही बोलू नकोस, लॉरेट. एक शब्द बोलू नकोस. आम्ही आहोत ना." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. रडणाऱ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? ती घरी आली. मनात म्हणाली, असू दे, हे गॅरेजमध्ये बोलायचं नाहीच, सभेत बोलायचं आहे. सभा त्याचसाठी असते. एवढा तिचा सभेवर विश्वास होता.

बसच्या फेऱ्यांचा एक जुना कागद घेऊन तिने त्याच्या पाठीवर लिहून काढलं. आता प्रत्येकाला बोलायला तीनच मिनिटं मिळतात. तिला एकही लागणार नव्हतं.

'सहा वर्षं मी त्या पोराला रोज मारलं. मुलं उतरली की रिकाम्या बसमध्ये मी त्याला फाशी द्यायचे, गोळी घालायचे, कधी हातांनीच. मग एके दिवशी लक्षात आलं की त्याच्या गालावरचा तीळ मला दिसतोय, पण कोरिन हसायची कशी ते आठवत नाही. त्या दिवसापासून मी त्याला मारणं बंद केलं, आणि ती हळूहळू परत आली. तुम्हाला कोणाला मारायचं असेल तर आपापल्या जबाबदारीवर मारा, माझ्या मुलीच्या नावाने नको.'

शनिवारी जिममध्ये दोनशेच्या वर माणसं होती. जुना ग्रेडर दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा, यावर पाऊण तास खल झाला. कोणत्या टेकडीवर कोणता गिअर लागतो इथपर्यंत लोक खोलात गेले, एकमेकांना दुरुस्त करत गेले, आणि शेवटी चांगला निर्णय झाला. लॉरेटसुद्धा त्यात दोनदा बोलली. ग्रेडरच्या बाबतीत हे गाव कोणत्याही संसदेला धडा देईल.

मग साडेअकराला सतरावा विषय पुकारला. तळघरातून माशांच्या दाट सुपाचा वास वर आला होता.

रसेल पहिला बोलला. "पिसाळलेल्या कुत्र्याचं आपण काय करतो? दावणीला बांधून मरेपर्यंत जेवू घालतो? माझं एवढंच म्हणणं आहे. लॉरेटसाठी." टाळ्या पडल्या. दुसरा म्हणाला, पेपरात आलंय की बहुतेक लोकांना फाशी हवी आहे, मग चर्चा कसली? तिसऱ्याने बायबलमधला डोळ्याला डोळा सांगितला आणि दुसरा गाल पुढे करा म्हणणारं पुढचं पान सोडून दिलं. चौथी एक तरुण वकील बाई, गावात नवी, तिने चुकून निर्दोष माणसं फासावर गेल्याचे आकडे वाचायला घेतले, तर मागून आवाज आला, "बाई, तुमचं कोणी मेलंय का?" ती कागद गोळा करून खाली बसली. ज्याने विचारलं त्याचंही कोणी मेलं नव्हतं. ग्रेडरच्या वेळी 'तुम्ही कधी ग्रेडर चालवलाय का' असं कोणी विचारलं असतं, तर सभापतींनी त्याला हाकलून दिलं असतं.

प्रत्येक जण लॉरेटचं नाव घेत होता, आणि तिच्याकडे बघत एकही नव्हता. ती रांगेत तिसरी होती. मग दुसरी झाली. कागद घामाने मऊ पडला होता.

डॉट पिकरिंग ही तिची तीस वर्षांची मैत्रीण, शाळेच्या स्वयंपाकघरातली. तिने रांगेत लॉरेटला पाहिलं, तिच्या हातातला भिजलेला कागद पाहिला, आणि तिला वाटलं, ही आता इथे सगळ्यांसमोर कोसळणार. डॉट जागेवरून उठली.

"सभापती महाराज, चर्चा बंद करा."

"नको," लॉरेट म्हणाली, पण माइक तिच्या पुढच्या माणसाच्या हातात होता.

सभापती एव्हरेट कोल्बी गणिताचे निवृत्त मास्तर. नियम म्हणजे नियम. त्यांनी कार्डं वर करायला सांगितली. पिवळ्या रंगाने जिम भरून गेलं. सगळ्यांनीच डॉटच्या मनातलं ओळखलं होतं. बिचारीला बोलावं लागू नये, म्हणून माणसं कार्डं उंच धरून बसली होती. दयेइतकी गच्च दातखीळ दुसऱ्या कोणी बसवली नसेल. चर्चा बंद झाली. लगेच मतदान झालं: हो, एकशे अठ्ठेचाळीस, नाही, त्रेपन्न.

पुढचा माणूस माइक ठेवून जागेवर गेला. लॉरेट हलली नाही.

"लॉरेट," सभापती मऊ आवाजात म्हणाले, "विषय संपला."

"माहीत आहे, एव्हरेट. नियम माझाच आहे. मला फेरविचार मागायचाय."

"तू कार्ड कधी वर केलंस?"

"नाहीच्या वेळी."

जिममध्ये कुजबुज झाली. "घाबरली गं बिचारी, चुकून वर केलं," पहिल्या रांगेतली एक म्हणाली.

"मग तुला मागता येत नाही," एव्हरेट म्हणाले. "फेरविचार जिंकलेल्या बाजूच्या माणसानेच मागायचा असतो. मला वाईट वाटतं."

लॉरेट सभेकडे वळली. यांतल्या निम्म्यांना तिने बसमधून शाळेत पोचवलं होतं, आणि आता त्यांच्या मुलांना पोचवत होती. "एकशे अठ्ठेचाळीस जण आहात," ती म्हणाली. "एकाने मागा. मी एक मिनिट बोलेन. मग पुन्हा हेच मत द्या, मी काही म्हणणार नाही. पण माझ्या मुलीचं नाव त्यात आहे, आणि मला बोलायचंय."

लोकांनी खाली बघितलं. पोरं चोरी करताना सापडली की बघतात तसं.

शेवटी डॉट उठली. "डॉट पिकरिंग, मिल स्ट्रीट. मी हो म्हटलं होतं. मी फेरविचार मागते. मला वाटलं तिला त्रास नको. मी तिला विचारलंच नाही. चुकले मी."

मागून कोणीतरी नाइलाजाने अनुमोदन दिलं. एव्हरेटनी समजावून सांगितलं: "हे फाशीवर मत नाही. लॉरेटचं ऐकायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे."

रसेल उभा राहिला. "अरे, माणुसकी आहे की नाही? तिला पुन्हा ते सगळं उगाळायला लावायचं?"

"आणि सूप गार होतंय," कोणीतरी बोललं, आणि थोडे जण हसले. बरं वाटलं त्यांना हसायला.

हो, एकोणऐंशी. नाही, एकशे चार.

पहिल्यांदा गावाने तिला चुकून गप्प केलं होतं, ते एक वेळ सोडून देता आलं असतं. दुसऱ्यांदा त्यांनी मोजून मापून केलं. एकशे चार माणसांनी प्रश्न नीट ऐकला, समजून घेतला, आणि एका आईचं एक मिनिट नको म्हणून हात वर केला. आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःला भला समजत खाली जेवायला गेला. याला काय म्हणायचं? बहुमत म्हणतात. इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं.

लॉरेट तळघरात गेली, ती जेवायला नाही. तिने रांगेत वाडगा घेऊन उभ्या असलेल्या रसेलला गाठलं.

"माझं कार्ड चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिने कागद काढला नाही. तो पाठ होता. ती तिथेच, रांगेत, सगळं बोलली: रिकामी बस, पोराच्या गालावरचा तीळ, विसरलेलं हसणं, परत आलेली मुलगी, माझ्या मुलीच्या नावाने नको. मागचे-पुढचे पाच-सहा जण ऐकत होते. एकाने हातातला चमचा खाली ठेवला.

"तू मला कधी विचारलंस, रसेल? अकरा वर्षांत एकदा?"

रसेलने वाडगा टेबलावर ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. विचार करून, मनापासून, तो म्हणाला, "मग बरंच झालं, लॉरेट, तू वर बोलली नाहीस. लोक गोंधळले असते."

"गोंधळायलाच बोलावतात, रसेल," ती म्हणाली. "सभेला त्यासाठीच बोलावतात."

त्याला ते कळलं नाही. त्याला फक्त तिची दया आली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लॉरेटने तो सगळ्या गावादेखत उचलून बाजूला केला.