सावंतकाकांचा एकच प्रश्न

मंडळी, आज दुपारी मुलुंडहून हॉस्पिटलला नेताना एक पेशंट आमच्या अँब्युलन्समध्येच दगावली. माझ्या आईच्या वयाची. शेवटपर्यंत माझा हात धरून होती.

आमचे जुने ड्रायव्हर सावंतकाका अशा केसनंतर गाडी धुताना एवढंच विचारायचे, "डब्यात काय आणलंस गो?" मी भाजीचं नाव सांगता सांगता रडून मोकळी व्हायचे. ते पाण्याचा पाइप धरून दुसरीकडे बघत राहायचे.

गेल्या महिन्यात काका रिटायर होऊन गावी गेले.

आज नवा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ." चांगला आहे बिचारा. पण मी पाइप हातात घेऊन त्याच प्रश्नाची वाट बघत राहिले यार.

तुम्हाला असं विचारणारं कोणी आहे का?

डबा तसाच घरी आणलाय. मेथी होती, काका.