सरांचा अर्धा शंकराभरणम

माईक हातात आला की सर त्यावर बोटाने टकटक करायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "सर्वप्रथम मानाचं होऊ द्या." एवढं ऐकलं की आता तासभर सत्कार चालणार हे ओळखून समोरच्यांनी मोबाईल बाहेर काढायचा, हे आमच्या उदगीरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

असा एक माणूस तुमच्याही गावात असतो, बघा. रक्तदान शिबिर असो नाहीतर पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, सूत्रसंचालन त्याच्याच नावावर. आमचे सर कॉलेजात मराठी शिकवायचे, मी तिथेच अकौंट्स. मंचावर त्यांची भाषा तुपात घोळलेली. खाली उतरले की लगेच, "काय राव, चहा सांगा की. घसा लई सुकलाय."

सत्कार हे त्यांचं खरं शास्त्र. शाल कुणाला, नुसता हार कुणाला, कोण कुणाच्या आधी, यात त्यांची चूक काढणारा जन्माला यायचा होता. एका कार्यक्रमात त्यांनी पाहुण्यांचा सत्कार केला, मग सत्कार करणाऱ्यांचा केला, आणि शेवटी मीच तेवढा कोरडा उरलो म्हणून माझ्याही हातात गुलाब दिला. मी टिंगल केली तर म्हणाले, "हसा तुमी. मान द्यायचा राहिला तर माणूस जन्मभर इसरत न्हाई."

माझा मान काही फार टिकला नाही. फूल घरी जाईपर्यंत सुकलं.

अशा माणसाला कर्नाटकी व्हायोलिनचं वेड असेल हे मला आधी खरंच वाटेना. तरुणपणी हैदराबादला शिकत असताना शेजारच्या खोलीत एक म्हातारे वादक राहायचे. ते रोज सकाळी शंकराभरणम राग वाजवायला बसत आणि सर भिंतीला पाठ लावून ऐकत. पण रागाला रंग चढेपर्यंत बसची वेळ व्हायची.

"कवाच पुरा ऐकला न्हाई बघा," ते मला सांगायचे. "शेवटी त्यो कुठं जाऊन थांबतो, तेवढं कळालं पायजे."

"मोबाईलवर ऐका की सर."

"हॅट! समोर बसून ऐकायचा. एकदाच, पर सबंध."

तेवढ्यासाठी त्यांनी म्हैसूरकडच्या एका नावाजलेल्या व्हायोलिनवादक बाईंच्या मागे लागून लागून त्यांना उदगीरला आणलं. आडत बाजारातल्या एका शेटजींनी विचारलं, "रागात शंकराचं नाव हाय ना? मग आपलाच हाय." सगळा बाजार यायला तयार झाला. बाईंची अट एकच होती. राग सबंध वाजवीन, पण संध्याकाळची गाडी चुकवणार नाही.

रविवारी दुपारी कार्यक्रम. आणि सरांनी काय करावं? मानाचं होऊ दिलं. दीपप्रज्वलन झालं, प्रतिमापूजन झालं. मृदंगवाल्याला बांधलेला फेटा त्याच्या डोळ्यांवर उतरायला लागला. साथीला घटम होता, म्हणजे वाजवायचा मातीचा घडा. सत्काराचा नारळ त्याच्या शेजारीच ठेवल्यामुळे मागच्या रांगेतल्या दोन बायांनी पूजा समजून हात जोडले. बाई मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून केव्हाच्या तयार बसल्या होत्या. मांडीवर पुष्पगुच्छ, गळ्यात हार, खांद्यावर शाल. वाजवायला जागा म्हणून ती नाहीच.

प्रमुख पाहुणे मात्र पोचायचे होते. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. सभागृह मिळतं ते त्यांच्या शब्दावर. त्यांच्याविना सुरू करायचं म्हणजे सरांच्या हिशेबी महापाप. पण बाईंनी घड्याळ दाखवलं आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ते पाप केलं. माझ्या शेजारी येऊन बसले.

शंकराभरणम सुरू झाला. मला त्यातलं शष्प कळत नाही. पण सरांचे डोळे मिटले, ओठ हलायला लागले. चेहऱ्यावरचा सगळा सूत्रसंचालक गळून पडला आणि खाली एक विद्यार्थी निघाला. हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला.

तेवढ्यात दारात गलका झाला. एक कार्यकर्ता वाकून म्हणाला, "सर, सायेब आले."

सर हलले नाहीत. मला वाटलं, जिंकलं म्हाताऱ्यानं! मी त्यांचा हात दाबला. "बसा सर. साहेबही बसतील खुर्चीत."

त्यांनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं, आणि उठले. मंचावर गेले. माईकवर टकटक झाली. बाईंनी गज खाली ठेवला.

शाल, फेटा, हार, सगळं यथासांग झालं. साहेबांनी भाषणात व्हायोलिनला सारंगी म्हणत तिची थोरवी सांगितली आणि गावाला मोठं नाट्यगृह देण्याचं वचन दिलं. टाळ्या कडाडल्या. बाईंना एक छोटी रचना आणि शेवटचं मंगलम वाजवण्यापुरताच वेळ उरला. वर सरांनी आभारप्रदर्शनही सोडलं नाही.

बाईंना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. गाडीत चढताना त्या हिंदीत म्हणाल्या, "अगली बार पूरा बजाऊँगी, सर. सिर्फ आपके लिए." सर नुसते "जी, जी" करत राहिले. गाडी गेल्यावर मी विचारलंच, "घटकाभर बसवलं असतं साहेबाला तर काय झालं असतं?"

"तुमचं काय जातंय बोलायला," सर म्हणाले. "आपल्याला हितंच राहायचं हाय."

राहिले ते इथेच. मागच्या वर्षी गेले. शोकसभेला साहेबांची माणसं आली, साहेब आले नाहीत.

परवा त्याच बाई लातूरला आल्या होत्या. मी गेलो. निवेदन करणाऱ्या मुलीने एका वाक्यात ओळख करून दिली आणि ती खाली बसली. शंकराभरणम सबंध झाला. शेवट अगदी साधा होता. खूप हिंडून बाई मूळच्या सुरावर आल्या, तिथे जराशा थांबल्या आणि गज उचलला. एवढंच. सरांना एवढंच ऐकायचं होतं.

मला रडू यायला हवं होतं, पण आली ती चीड. अहो सर, एक दिवस, फक्त एक दिवस त्या माणसाला दारात उभं ठेवलं असतंत तर कोणतं आभाळ कोसळणार होतं?