पाठीवरचा हात

रोहणा या गावी असलेल्या आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर आहे आणि त्यावर बुळबुळीत शेवाळ. गेल्या हिवाळ्यात एक बकरी त्यात पडली आणि खुरांनी प्लास्टिक ओरबाडत माझ्या डोळ्यांदेखत बुडाली. भोवती कुंपण घातलं, तर रानडुकरांनी ते दोनदा पाडलं. सुटीत माझी अडीच वर्षांची लेक तिथेच हुंदडते. मी धसकाच घेतला आणि तिला पिपरी मेघेतल्या स्विमिंग पुलावर नेऊ लागले.

तिथल्या बाई एवढ्या लहान पोरांना पोहायला नाही शिकवत. पाण्यात पडलं की उताणं व्हायचं, तोंड वर ठेवायचं आणि कुणी येईपर्यंत तरंगायचं, एवढंच शिकवतात. लेकीनं महिनाभर आकांत मांडला. मला कडकडून चावली, माझे केस उपटले. एकदा मीही तिच्या पाठीत धपाटा घातला. ते आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

शेवटच्या दिवशी बाईंनी तिला फ्रॉक आणि बूट घालून आणायला सांगितलं. त्या स्वतः पाण्यात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुमीच ढकला, ताई. शेतात ते कोनाले सांगून पडनार नाई."

लेक काठावर बुटाच्या पट्टीशी खेळत होती. मी मागून ढकललं. ती तोंडावर पडली आणि खाली गेली. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी फाडकन माझ्या कानाखाली वाजवली.

"मारून टाकतं का पोरीले?"

त्या पाण्याकडे झेपावल्या, तसा मी त्यांचा दंड धरला. इतका आवळला की वळ उठले. फ्रॉक फुगून वर आला, मग नाक, मग तोंड. लेक उताणी झाली होती. खोकत होती, रडत होती, पण तरंगत होती. बाईंनी तिला बोटही लावलं नव्हतं. मी सासूबाईंकडे बघून चक्क हसले.

त्या रात्री लेक सासूबाईंच्याच कुशीत झोपली.

दिवाळीत रोहण्याला गेलो. लेक शेततळ्याच्या बांधावर बसून पाण्यात खडे टाकत होती. फारच पुढे सरकली, म्हणून तिला मागे ओढायला मी धावले. माझा हात पाठीला लागला मात्र, तिनं मोठा श्वास भरून घेतला, तोंड मिटलं आणि डोळे घट्ट बंद करून ती वाट पाहत राहिली.