ठीक मालावर काही लिहीत नाहीत

मी चौथी शिकलो. तीही धड नाही, निकाल लागायच्या आधीच शाळा सुटली. पण इंग्रजीची मोठी अक्षरं मला येतात, आणि ती कोण्या मास्तराने शिकवलेली नाहीत. जबलपुरात फॅक्टरीत खरादवर, म्हणजे लेथवर, लागलो तेव्हा ड्रॉइंगवर बोट ठेवून ठेवून ती माझी मीच शिकलो. पुढे इतका हात बसला की शेवटची काही वर्षं साहेबांनी मला इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. चौथी अर्धवट सोडलेल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय माल पुढे जात नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या टेबलाचा एक कायदा होता. माल ठीक असला की त्याच्यावर ठप्पा मारायचा आणि पुढे सरकवायचा. लिहायचं काही नाही. लिहायचं फक्त खोटात. मापाचा गेज बसला नाही, कुठे चीर दिसली, की लाल रंग लावायचा आणि पर्चीवर खोट लिहायची. एकच शब्द. तो शब्द वाचला की खरादवाला समजून जायचा. ठीक मालावर कोणी काही लिहीत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हा कायदा माझ्या हाडात आहे, आणि त्यानेच मला या हिवाळ्यात बारा दिवस जिवंतपणी मारलं.

झालं असं. गुडघ्यांसाठी मी रोज एक गोळी घेत होतो. डॉक्टरने दिलेली नाही, मेडिकलवाल्याकडून मीच घेत होतो. मग शौचाला काळं होऊ लागलं. आठ-दहा दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही. एका सकाळी नळावर बालटी उचलता उचलता डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी ओल्या फरशीवर बसून गेलो. तेव्हा नेपियर टाउनमध्ये पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकटाच गेलो. त्यांनी तोंडातून नळी घालून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "दादाजी, एक छोटा सा टुकड़ा निकाला है, बायोप्सी के लिए भेज रहे हैं. रिपोर्ट आए तो मुझे दिखाना."

बायोप्सी. हा शब्द मी आमच्या गल्लीत तीन वेळा ऐकला होता, आणि तिन्ही घरी नंतर तेराव्याला जेवून आलो होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "गॅस आहे म्हणाल्या."

"गॅससाठी नळी घालतात?"

"आजकाल घालतात."

माझी बायको मॅट्रिक आहे. लग्न ठरताना ही गोष्ट आमच्याकडे कोणी बोललं नव्हतं. लग्नानंतर आठ दिवसांनी ती पेपर वाचत बसलेली दिसली, तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून या हिवाळ्यापर्यंत मी तिला एक कागद वाचायला दिला नाही. शिधापत्रिका असो की फॅक्टरीची नोटीस, मी स्वतः अक्षर लावत बसेन, नाहीतर बाहेर कोणाला विचारेन. घरात नाही.

पाचव्या दिवशी लॅबच्या काउंटरवर जाऊन रिपोर्ट घेतला. मुलीने पाकीट दिलं आणि पुढच्याला हाक मारली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, आणि मला वाटलं की ती मुद्दामच पाहत नाही. बाहेर येऊन ऑटोत बसलो आणि पाकीट उघडलं. आत एक पान होतं, मोठ्या अक्षरांत भरून लिहिलेलं. वरपासून खालपर्यंत.

इतकं लिहिलंय? एका शब्दाची पर्ची आली की माल भंगारात जात होता. इथे तर पान भरलं होतं.

गढ्याला, आमच्या वस्तीत, पोहोचेपर्यंत मी ते चार वेळा पाहिलं. वाक्य मला लागत नाही, शब्द लागतो. ठळक लांब शब्द मी निवडून घेतले. मधले दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे बारके शब्द मी सोडून दिले. मशीन उघडल्यावर माणूस आधी गियर पाहतो, वायसर मोजत बसत नाही. लांब शब्द माझ्या खिशातल्या डायरीत उतरवले. क्रॉनिक. अल्सर. डिसप्लेशिया. मॅलिग्नन्सी. मग रिपोर्ट हत्यारांच्या ट्रंकेत तळाशी ठेवला, फायलींखाली, म्हणजे लोखंड घासायच्या कानसींखाली. त्या ट्रंकेला बायको हात लावत नाही.

डॉक्टरीणबाईंना दाखवायचा होता, तो दाखवला नाही. इन्स्पेक्टरच्या तोंडून खोट ऐकायला कोण जातं? आमच्यात कोणी जात नव्हतं. पर्ची घ्यायची आणि आपल्या जागी येऊन खोट आपण शोधायची, यातच माणसाची इज्जत होती. मीही तेच केलं.

पहिला शब्द जुन्या सोबत्याला विचारला. तो फॅक्टरीत माझ्या शेजारच्या मशीनवर होता. त्याची बायपास झाली तेव्हापासून गढ्याच्या बाजारात लोक त्याला अर्धा डॉक्टर समजतात. तो खोव्याची जलेबी खात उभा होता.

"ही चालते तुला?" मी म्हटलं.

"डॉक्टरने तेल बंद केलं आहे. खोवा बंद आहे असं कुठे म्हणाला?"

"बरं, क्रॉनिक म्हणजे काय?"

"क्रॉनिक म्हणजे गेलं काम," तो बोटं चाटत म्हणाला. "जडलं म्हणजे जडलं. काहून, कोणाला आहे?"

"पेपरात होतं."

"तू कधीपासून पेपर वाचून राहिला?"

तो हसला. मीही हसलो. घरी येताना माझी नजर पायांवरच होती, जणू ते दुसऱ्याचे पाय आहेत.

डिसप्लेशिया त्याला सांगता आला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडे गेलो आणि डायरीतल्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवून ती त्याच्यापुढे धरली. त्याने वाचलं. चष्मा वर केला. म्हणाला, "दादा, ये पहला वाला तो समझो बिगड़ने की शुरुआत. और ये मॅलिग्नन्सी, ये तो कैंसर को बोलते हैं. किसका है?"

मी ताठ उभा राहून म्हणालो, "साले का."

"अरे राम. नागपुर वाले?"

"हो. वही."

तिथून सरळ घरी गेलो नाही. देवळाच्या ओट्यावर बसलो. ज्या जागी गोळी पोचल्यासारखं वाटायचं, त्या जागी हात ठेवला आणि दाबून पाहिलं. दुखलं. आधी दुखत होतं की आत्ता दुखू लागलं, हे मला सांगता येईना. गेज असता तर लावून पाहिला असता. आपल्याच आत काय आहे आणि ते वाढून राहिलं की नाही, हे आपल्याला पाहता येत नाही. इतकी भीती मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. खरादवर एकदा बोटाचं टोक गेलं तेव्हाही नाही. ते समोर दिसत तरी होतं.

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी आरशात मान पाहायचो. पायजम्याची नाडी कालच्यापेक्षा लांब उरते का ते पाहायचो. उरतेच असं वाटायचं. मटरचे दिवस होते. बायको अंगणात मटर सोलत बसायची, मटरभात करायची, आणि प्रत्येक घास आत कुठे जाऊन कशाला लागतो तेच मी ऐकत बसायचो.

आणि मी तिला कामं दाखवायला लागलो. पाण्याची मोटर हवा धरते तेव्हा वरून पाणी कसं ओतायचं. फ्यूज कोणता. मागच्या दाराची कडी उचलून कशी लावायची. तिने दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी हातातला पाना खाली ठेवला.

"काहून शिकवून राहिले मला हे सगळं?"

"यायला पाहिजे."

"इतकी वर्षं नाही आलं तर चाललं."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मी मोटरकडे.

रिपोर्ट आणल्याच्या बाराव्या दिवशी ती आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेली. नेहमी मीच आणतो, पण त्या दिवशी माझ्यात उठायचं बळ नव्हतं. ती परत आली ती चप्पल न काढता आत आली. तोंड पांढरं पडलेलं.

"माझ्या भावाला कॅन्सर आहे?"

मी खाटेवर उठून बसलो.

"मेडिकलवाला म्हणे, अम्मा, भाई साहब की तबियत अब कैसी है. मी तिथे उभ्या उभ्या भावाला फोन लावला. तो उचलून म्हणतो, काय गं, जेवून राहिलो ना. अहो, तो दोन पोळ्या जास्त खाऊन राहिला! मग कोणाला आहे?"

मी फरशीकडे पाहत होतो. तिला समजायला वेळ लागला नाही. ती खाली बसली, माझ्या गुडघ्यांपाशी. चप्पल पायातच होती.

"कागद कुठे आहे?"

"ट्रंकेत."

"द्या."

"मी वाचला आहे."

"माहीत आहे तुम्ही कसा वाचता ते," ती म्हणाली. "पन्नास वर्षं गप राहिले मी. म्हटलं, माणसाचा मान आहे, राहू द्या. पण मला न सांगता मरायला निघाले होते तुम्ही? मला मोटर शिकवून?"

मी उठलो, कानसी बाजूला केल्या आणि कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून वाचू लागली. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. माझ्या चार शब्दांपाशी ते थांबतच नव्हतं, त्यांच्या आजूबाजूला फिरत होतं.

"इथे नॉट सीन लिहिलं आहे," ती म्हणाली. "इथेही. दोन्हीकडे. दिसलं नाही म्हणून."

नॉट मला येत होतं. कोणालाही येतं. पण मी तिकडे पाहिलंच नव्हतं. तरी मी अडून बसलो. "तुला इन्स्पेक्शन काय समजतं? नसतं तर नाव लिहिलंच कशाला असतं? ठीक मालावर कोणी काही लिहीत नाही."

तिने कागदाची घडी घातली. "चला. ज्यांनी तुकडा काढला त्यांनाच विचारू."

डॉक्टरीणबाई आधी रागावल्या. बारा दिवस उशीर केला म्हणून. मग मी त्यांना कायदा सांगितला, ठप्प्याचा आणि पर्चीचा. त्या पेन हातात धरून ऐकत राहिल्या.

"दादाजी, हमारे यहाँ उल्टा है," त्या म्हणाल्या. "जो नहीं मिला, वो भी लिखना पड़ता है. नहीं तो अगले डॉक्टर को कैसे पता चलेगा कि हमने देखा था?"

मग एकेका शब्दावर पेन ठेवून त्यांनी सांगितलं. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर, मेडिकलवाला खोटं बोलला नव्हता, पण तो दिसला नाही असं लिहिलं आहे. डिसप्लेशिया म्हणजे पेशी बिघडू लागणं, तेही दिसलं नाही. क्रॉनिक म्हणजे गेलं काम नाही. क्रॉनिक म्हणजे बऱ्याच दिवसांपासूनचं, आणि एकदम उठलेलं असेल त्याला अॅक्यूट म्हणतात. दोन्हींत किती वाईट हे सांगितलेलंच नसतं, फक्त किती दिवसांचं ते. बायोप्सी म्हणजे कॅन्सर नाही, तुकडा काढून पाहणं. तो मी फॅक्टरीतही काढलेला पाहिला होता, लोखंड तपासायला. माझं मलाच आठवलं नव्हतं.

"और ये अल्सर, ये है. जखम है. ये आपकी घुटने वाली गोली का काम है. आज से बंद."

खरी खोट माझ्या डायरीत दुसऱ्या नंबरला होती. तिचा अर्थ मी कोणाला विचारलाच नव्हता. तो शब्द मला लहान वाटला होता.

बायकोने पदराने डोळे पुसले. मी उठायला लागलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "दो महीने दवाई, फिर नली डालकर दुबारा देखेंगे. ज़रूरत पड़ी तो फिर टुकड़ा."

मी पुन्हा खाली बसलो. "काहून? नाही म्हणून लिहिलं आहे ना?"

"नहीं दिखा, ये लिखा है. जो टुकड़ा भेजा, उसमें."

हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. लॉटमधून एक नग उचलून पास केला म्हणजे सगळा लॉट पास होत नाही. हे टेबलावर मी कितीतरी खरादवाल्यांना सांगितलं आहे, जरा तोऱ्यातच सांगितलं आहे. ते कसे उभे राहत असतील माझ्यासमोर, ते त्या दिवशी त्या खुर्चीत बसून मला समजलं.

दोन महिने संपत आले. शौचाला काळं होत नाही. गुडघे दुखतात, दुखू देतो. डायरीत आता रिपोर्टच्या पूर्ण ओळी आहेत, बारक्या शब्दांसकट. बायको सांगते, मी मोठ्या अक्षरांत उतरवतो, आणि चुकलं तर ती बोट ठेवते. मला ते अजून आवडत नाही.

गुरुवारी नळी आहे. काल मटरभात वाढताना तिने विचारलं, "भीती वाटते का?"

मी म्हटलं, "वाटते."

या वेळी ती आत येणार आहे. रिपोर्ट काउंटरवरून तिनेच घ्यायचा, आणि तिथेच, उभ्या उभ्या, पहिल्या ओळीपासून वाचायचा. मी मध्ये बघणार नाही असं कबूल केलं आहे.