सहाव्या रांगेतलं 'पुरे'

पुण्याच्या संगीत रंगभूमीचं एक अख्खं पर्व एका शब्दाने संपवण्याचा मान आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांकडे जातो. तो शब्द म्हणजे 'पुरे'. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या वर्षांत त्यांनी तो मुख्यतः चहाच्या बाबतीत वापरला.

उजवा तळहात छातीच्या उंचीवर यायचा, बोटं जुळलेली, आणि मग आवाज जराही न चढवता, "पुरे." कप तेव्हा अर्धा भरलेला असायचा. काकू किटली मागे घेत.

आमच्या धायरीतल्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही तोच तळहात वर येई. आमचे अध्यक्ष पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करून गंगेच्या उगमापर्यंत पोचले की मागच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "पुरे. टाकी कधी धुणार तेवढं सांगा." अध्यक्ष वार सांगून खाली बसत. काका सोसायटीत कुठल्याही पदावर नव्हते. "काका हायत म्हणून मीटिंग जेवायच्या आत सुटती," असं आमचा दूधवाला म्हणायचा, आणि तो तर सभासदही नव्हता.

शहरातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्यांनी उभा जन्म कंपाउंडरकी केली होती. त्यामुळे माणसांपेक्षा त्यांचे गळे त्यांच्या जास्त लक्षात राहत. मी इंटरकॉमवर नुसतं "हॅलो" म्हटलं की पलीकडून उत्तर येई, "काल दही खाल्लंत. वाफ घ्या." मी कशासाठी फोन केला होता हे त्यांनी विचारल्याचं आठवत नाही.

आता तो मान. संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडतात आणि नटाने ते पुन्हा म्हणायचं असतं. रंगमंचावर मरून पडलेल्या नटालाही उठून पुन्हा गावं लागल्याचं जुनी माणसं सांगतात. नाही म्हणायची सोय नाही. आमच्या शहरात एक थोर गायकनट होऊन गेले. त्यांना सगळे नुसतं 'बुवा' म्हणत, आणि कोणते बुवा असं विचारणाऱ्याला पुन्हा घरी बोलावत नसत. या बुवांच्या एका प्रयोगात, दुसऱ्या अंकातल्या पदाला तीन वन्स मोअर झाले, चौथ्यासाठी थिएटर डोक्यावर घेतलं गेलं आणि बुवांनी सूर लावायला तोंड उघडलं. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "पुरे!"

बुवांनी हात जोडले आणि ते आत गेले. त्यानंतर ते रंगमंचावर कधीच गायले नाहीत. अरसिकाच्या अपमानाने घायाळ झालेला कलावंत अशी त्यांची कीर्ती झाली, आणि खरं सांगायचं तर ती आधीच्या कीर्तीपेक्षा मोठी झाली. त्या प्रयोगाला आपण हजर होतो असं सांगणारी इतकी माणसं मला भेटली आहेत, की त्यांतली निम्मी थिएटरच्या कौलांवर बसली असली पाहिजेत.

ओरडणारे आमचे काका होते. पुढची चाळीसेक वर्षं त्यांना पेठांतल्या कुठल्याही मैफिलीत शेजारी बसायला माणूस मिळाला नाही. वाचनालयात लोक त्यांच्याकडे बोट दाखवत. धायरीला राहायला आल्यावर जरा बरं झालं, कारण इथे बुवा कोण हेच अर्ध्यांना ठाऊक नव्हतं.

मी त्यांना एकदाच विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही असं का केलंत?"

तळहात वर आला.

खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली, मटार सोलता सोलता. काकू कंपाउंडर नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यावर कसलं बंधन नव्हतं.

"अहो, बुवा ह्यांच्या डॉक्टरांचे पेशंट. गळ्यातून रक्त यायचं. डॉक्टरांनी गाणं बंदच करायला सांगितलं होतं, पण तो एक प्रयोग ठरलेला. आदल्या दिवशी बुवा आमच्या दोन खोल्यांत आले, चटईवर बसले आणि ह्यांना म्हणाले, 'लोक मागणार आणि मला नाही म्हणता येणार नाही. मी आपणहून थांबलो तर म्हणतील, बुवांचा गळा गेला. प्रेक्षकांतल्या कोणी थांबवलं तर म्हणतील, पुण्यातले रसिक गेले. रसिक गेले म्हणू देत. तीन वेळा मी ओढीन. चौथ्याला तू ओरड.'"

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार! 'कुठल्या रांगेत बसू?' बुवा म्हणाले, 'सहाव्या. तिथपर्यंत मला माणूस दिसतो.'" काकूंनी एक किडका मटार बाजूला टाकला. "प्रयोगाहून घरी आल्यावर हे मला एवढंच म्हणाले, 'ओरडायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं.' आणि जेवले नाहीत."

मग बुवांची जन्मशताब्दी आली. तिच्या भव्य मैफिलीचे प्रायोजक वाघोलीकडे गृहसंकुलं बांधणारे एक बिल्डर होते आणि आखणी खराडीच्या एका इव्हेंटवाल्या कंपनीची होती. कार्यक्रमाच्या नावात 'स्वर', 'सूर्य' आणि 'शतक' हे तिन्ही शब्द होते आणि त्यांच्यामध्ये गृहसंकुलाचं नाव होतं. मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, म्हणून स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडे आली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: 'सातव्या रांगेतल्या एका अरसिकाने उच्चारलेल्या एका शब्दाने हा स्वरसूर्य मावळला.'

मी ते पान घेऊन वर गेलो. म्हटलं, "काका, बुवा गेले, डॉक्टर गेले. आता तरी खरं काय ते सांगू या. मी लिहितो, तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यांनी चष्मा लावला आणि पान दोनदा वाचलं. "पेशंट गेला म्हणून त्याचा केसपेपर चव्हाट्यावर वाचायचा नसतो," ते म्हणाले. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी 'सातव्या' खोडलं आणि वर 'सहाव्या' लिहिलं. "एवढं मात्र बरोबर छापा."

'अरसिक' तसंच राहिलं. स्मरणिकेत सहावी रांग छापून आली.

प्रुफांबद्दल मला दोन पास मिळाले होते. काका येतील असं वाटलं नव्हतं, पण ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे होते. "बुवांचं गाणं आहे," ते म्हणाले. "मी आज तोंड उघडणार नाही."

अशा समारंभांना तुम्हीही गेला असाल, त्यामुळे सगळं सांगत बसत नाही. समई पेटवायला सात मान्यवर होते आणि पंख्याखाली ती सातही जणांना दाद देत नव्हती. बिल्डरसाहेबांनी बुवांच्या खर्जाची तुलना आपल्या इमारतींच्या पायाशी केली. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी भाषणात बुवांना दोनदा 'तबलासम्राट' म्हटलं. माझ्या शेजारी इव्हेंटवाल्यांचा एक तरुण मांडीवर मिनिटांचा तक्ता घेऊन बसला होता. मी सवयीने तो वाचला. दीपप्रज्वलन, चार मिनिटं. भावुक क्षण, दोन मिनिटं. पद आणि वन्स मोअर (चार), अठरा मिनिटं.

"वन्स मोअर आधीच ठरलेत?" मी विचारलं.

"सर, आमची माणसं बसवलीत ना ऑडियन्समध्ये. एनर्जी ड्रॉप होता कामा नये."

बुवांचं ते पद गायला एक मुलगी आली. नागपूरकडची, दिवसा खराडीत कॉम्प्युटरवर काम करणारी, संध्याकाळी गाणं शिकणारी. तिने सुरुवात केली आणि भाषणांनी झोपवलेलं थिएटर जागं झालं. ती खरंच छान गात होती. काकांनी डोळे मिटले. पहिला वन्स मोअर बसवलेल्या माणसांनी दिला, पण दुसरा सगळ्यांनीच दिला. दुसऱ्या वेळी काकांचे डोळे उघडले.

"गळा सुजलाय हिचा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "वरच्या सुराला हवा जातेय."

मला काहीच कळलं नव्हतं. तिसऱ्या वन्स मोअरला मलाही कळलं. वर जाताना तिचा आवाज एकदा फाटला, तिने तो कसाबसा सावरला आणि लोकांना ती मुद्दाम घेतलेली हरकत वाटली. टाळ्या पडल्या. चौथ्याचा गलका सुरू झाला. मुलीने गळ्यावर हात ठेवून विंगेकडे पाहिलं. विंगेतून कानाला यंत्र लावलेल्या माणसाने बोट गोल गोल फिरवलं, म्हणजे चालू ठेव.

काका खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. "मी आज तोंड उघडणार नाही म्हणालो होतो," ते मला म्हणाले, जणू मी त्यांना त्यातून मोकळं करणार होतो. मी म्हटलं, "काका, उघडा."

ते पुढच्या खुर्चीला धरून उठले. तळहात वर आला.

"पुरे!"

त्या वयात एवढा आवाज कुठून आला माहीत नाही. थिएटर गप्प झालं. मुलीने हात जोडले आणि ती जवळजवळ पळतच आत गेली. मग पुढून एक म्हातारे गृहस्थ वळले, टक लावून पाहत राहिले आणि किंचाळले, "अहो, हा तोच! तोच आहे हा!"

त्यानंतर जे झालं त्यात रसिकता कमी आणि शब्दसंपत्ती जास्त होती. काळ्या टी-शर्टातले दोन धिप्पाड तरुण आले.

"काका, बाहेर चला."

"चलतो. चप्पल पायात सरकवू दे."

"सावकाश, काका."

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. काकांनी कप बाकड्यावर ठेवला. मग म्हणाले, "या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. चूक झाली असेल तर माझी." मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाजूच्या दाराने ती मुलगी आली, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून. "काका," ती कुजबुजली, "मला थांबताच येत नव्हतं. तीन दिवसांपासून सांगत होती मी त्यांना. तुम्ही नसते तर…"

"कुजबुजू नका. त्याने घसा जास्त बिघडतो," काका म्हणाले. क्षणात ते पुन्हा दवाखान्यात पोचले होते. "आठ दिवस एक शब्द नाही. पाहिजे ते लिहून दाखवायचं. वाफ, दिवसातून तीनदा. आणि उद्या सकाळी डॉक्टरला गळा दाखवा."

तिने पुन्हा तोंड उघडलं. तळहात वर आला.

ती हसली, वाकून नमस्कार करून गेली. काकांनी चहावाल्याला कप पुढे केला. चहावाल्याने तो काठोकाठ भरला. ते काहीच म्हणाले नाहीत आणि सगळा प्यायले.

पुढच्या थंडीत काका गेले. सोसायटीच्या शोकसभेत अध्यक्षांनी काकांच्या मितभाषीपणावर पाऊण तास भाषण केलं. मागच्या खुर्चीकडे सगळ्यांनी दोन-तीनदा वळून पाहिलं. काकूंनी मात्र पाहिलं नाही.

मुलगी गाते अजून. महिन्यातून एकदा काकूंकडे येते, आणि पद एकदाच म्हणते.

शताब्दीचा गौरवग्रंथ यंदा निघाला. त्याची प्रुफं माझ्याकडे आली नव्हती. त्यात दोन्ही प्रसंग सविस्तर आले आहेत, आणि दोन्ही वेळा तो अरसिक सातव्या रांगेत बसला होता असं म्हटलं आहे. शताब्दीच्या मैफिलीला आम्ही बाराव्या रांगेत होतो.